ठोका

शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीच्या माडीवर
जिथं जुने लाकडी पॅटर्न धूळ खात पडायचे
तिथं आता काचेची खोली आहे.
भिंतभर पडदा, बोट टेकलं की उमटतं.
टेबलाच्या मधोमध माइकची तबकडी,
आणि कॅमेरा, बोलेल त्याच्याकडं मान वळवणारा.
मगदूम साहेबांनी नारळ फोडला तो बाहेर जिन्यावर,
पाणी सॉकेटात जायला नको म्हणून.

मी मिनिट्स लिहितो.
बाई आहे मी. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात.
चाकणचा कॉल लागला की तेवढं ‘लिहिते’ म्हणतो.

कोण मोठं, ते खोलीला महिन्याभरात कळलं.
घोरपडे नुसतं ‘हं’ म्हणाले तरी
पडद्यावर त्यांचंच तोंड.
रामगोंडा आण्णा बोलायचे
तवर कॅमेरा चहाच्या पोराकडं बघत असायचा,
तो हलत होता म्हणून.
मग हळूहळू सगळेच वरच्या पट्टीत गेले.
आण्णा तेवढे गप्प बसायला लागले.

त्या गुरुवारी एकशे चाळीस ब्रॅकेट परत आले.
तडा.
पडद्यावर चाकणचे चार चौकोन,
एकीच्या मागं खोटा समुद्र.
घोरपडे म्हणाले, वाळू.
वाळूवाला म्हणाला, भट्टी.
भट्टीचा इक्बाल म्हणाला, मोल्डिंगला विचारा.
पेन एकच होता, तो हातोहात फिरला,
ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या खात्याला गोल केला.
पडदा भरला, की आपोआप आक्रसून
आणखी गोलांना जागा करून देत होता.

सॅम्पल घेऊन दस्तगीर चाचा आले,
फेटलिंगला छत्तीस वर्षं.
चप्पल दाराबाहेर.
खुर्च्या आठ, माणसं अकरा, चाचा बारावे.
बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

त्यांनी ब्रॅकेट टेबलावर ठेवलाच नाही.
दोन बोटांवर तोलला,
खिशातला पाना काढला
आणि ठोका दिला.
बद्द.
दुसरा उचलला, कपाटातला, चांगला.
टण्ण!
काचेला लागून आवाज परत आला, पुन्हा गेला,
विझेपर्यंत कुणी हललं नाही.
“लोखंड बोलतंय,” चाचा म्हणाले. “ऐका की.”

“हॅलो? तुमचा आवाज गेला का?” चाकण.

माइक हुशार आहे.
पंखा, घण, कपबशी,
जे माणसाच्या घशातलं नाही ते सगळं गाळतो.
चाचांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा.
चाकणला दिसत होता
लोखंडाशी मुकाट खेळणारा एक म्हातारा.
आणि पडद्याच्या तळाशी, आपलं आपण,
पांढऱ्या अक्षरांत उमटलं:
लोक बोलत आहेत. ऐका की.

आधी आण्णा उठले.
“खाली जाऊया,” म्हणाले, एवढ्या हळू
की कॅमेरा वळलाच नाही.
माणसं वळली.

ढिगाभोवती उकिडवे बसलो सगळे.
पाने पुरेनात, इक्बालनं किल्ल्या काढल्या,
साहेबांनी कड्याचा हात पुढं केला.
एकजण ठोकायचा, बाकीचे कान द्यायचे,
टण्ण इकडं, बद्द तिकडं.
शंका आली की चाचांकडं बघायचं.
घोरपडेंना दोनदा चुकलं, दोनदा हसले.
बद्दच्या ढिगातला एकेक उलटा करून
आण्णा मागचा आकडा बघत गेले:
तीन. तीन. तीन. हाही तीन.

वर आलो कॉल बंद करायला.
कॅमेरा आठ खुर्च्यांवरनं मान फिरवत होता,
डावीकडं, उजवीकडं,
परत डावीकडं.
तीन चौकोन काळे. एक अजून जागा.
समुद्र तिनं बंद केला होता,
मागं ओटा, लोणच्याची बरणी, कुकर.
“काय झालं हो? सगळे एकदम कुठं गेले?”

“थांबा,” म्हटलं, “सांगतो.”
आणि ओढली एक खुर्ची.