आक्षेप क्रमांक सात

कुंदाच्या अंगावरून वारं गेलं
तेव्हा मी जीवाजीगंजच्या चक्कीवर दळणाच्या रांगेत होतो.
डॉक्टर म्हणाले, वारं कसलं, रक्ताची गुठळी.
फिल्मवर दाखवलीसुद्धा, तांदळाच्या कणीएवढी.
मी मान हलवली.
पण आपल्या भाषेत वारंच जातं माणसावरून,
आणि वाऱ्याला कुठून तरी आत यावं लागतं.

चौतीस वर्षं महालेखाकारांच्या कार्यालयात
दुसऱ्यांच्या वह्यांमधली गळती शोधली.
स्वतःच्या घराचं ऑडिट
एकदाही केलं नाही.

पौषात ग्वाल्हेरला नुसती थंडी पडत नाही, गलन होते.
कोहरा गच्चीवरून जिन्यात उतरतो,
दोरीवरचा टॉवेल तीन दिवस ओला,
आणि रात्री तीनला किल्ल्याच्या बाजूची खिडकी
दातांतून हवा ओढल्यासारखी वाजते.
तिचा पलंग तिथंच.
डावा हात रजईबाहेर राहिला तरी तिला कळत नाही.
मला उठून झाकावा लागतो.

म्हणून उदबत्ती घेतली.
दार बंद, पडदा वर बांधलेला, श्वाससुद्धा बेतानं,
आणि चौकटीच्या कडेकडेनं फिरवत गेलो.
धूर सरळ उभा, तर बाब मंजूर.
धूर वाकला, तर आक्षेप.
जुन्या डायरीत नोंदी केल्या:
एक, वरचा कोपरा, लांबीचा भुगा.
दोन, बिजागरीखाली, नखाएवढी फट.
तीन ते पाच, रबर वाळून कडक, पापडासारखं मोडतं.
सहा. इथं कुणीतरी (म्हणजे मीच)
एक लग्नपत्रिका घडी करून खुपसली होती.
कुणाचं लग्न, ते आता लागत नाही.
‘सकाळी ११ वा. ३५ मि.’ एवढंच शाबूत.
गेलो होतो का आम्ही?

दौलतगंजात मुन्नालाल कुशवाहनं
पट्टी वितीनं मापून दिली,
तपकिरी, स्पंजाची, मागे गोंद.
किती टिकेल, विचारलं.
म्हणाला, “बाबूजी, आपसे तो ज़्यादा ही चलेगी.”
मी पावती मागून घेतली.

दोन दिवस लागले. भाजीच्या सुरीनं
जुनं रबर खरवडलं, टर्पेंटाइननं चौकट पुसली,
अंगठ्याला काच लागली, हळद लावली.
लांबी तळहातावर मळायला घेतली
तसा जवसाच्या तेलाचा वास खोलीभर झाला
आणि कुंदानं मान वळवली.
“चटणी?”
दीड महिन्यातला पहिला स्वच्छ शब्द.
मी डायरी उघडली. त्यासाठी रकाना नव्हता.

तिसऱ्या रात्री फेरतपासणी.
नवी उदबत्ती, तेच क्रमांक.
सहाही ठिकाणी धूर
हजेरीला उभ्या पोरासारखा ताठ.
खिडकी वाजली नाही. बाहेर गल्लीत
कुणाचा तरी स्कूटर सुरू होत नव्हता,
तोही आता लांबून ऐकू आला.
मला वाटलं, झालं, शेरा मारून सही करावी.

पलंगापाशी आलो आणि धूर वाकला.
मी पट्टी चाचपली. बिजागरी दाबून पाहिली.
गुडघ्यावर बसून खालची कड, बोट ओलं करून.
काही नाही.
उठलो, तर पुन्हा वाकला,
आणि वाकला खिडकीकडे.
इतक्या वर्षांचा अनुभव,
आणि दिशा पाहायला विसरलो होतो.

मागे वळलो.
उशीवर कोपर रोवून, अर्धवट उठून,
ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून
कुंदा फुंकत होती.
डावा गाल साथ देत नव्हता,
निम्मी हवा भलतीकडेच जात होती,
तरी फुंकत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर,
आणि ते पाणी हसण्याचं आहे
हे कळायला मला जरा वेळ लागला.

“सा-त,” ती म्हणाली.
“लिही.”