घोड्याचा रंग

पान एक्केचाळीसवर घोडा तांबडा आहे.
पान एकशे बारावर करडा, कपाळावर चांदवा.
उर्वे दोन्हीकडे पेन्सिलीने गोल करते,
समासात लिहिते : कुठला बरोबर?
आणि उठून दिवा लावते.
तार्तूत डिसेंबरचा दिवस
साडेतीनलाच गाशा गुंडाळतो.

छत्तीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली :
पहिल्या प्रकरणात नवऱ्याचे डोळे निळे असतील
तर शेवटापर्यंत ते निळेच ठेवायचे,
वारलेली आत्या लग्नाच्या पंगतीत दिसली
तर तिला अलगद उठवायचं.

ही कादंबरी अशी :
समुद्र गोठलेला, बेटावरून किनाऱ्याकडे
जुनिपरच्या फांद्या रोवून आखलेली बर्फावरची वाट,
एक घसरगाडी, एक घोडा, तीन माणसं.
पोचली दोन.
विधवा म्हणते, दिरानं लगाम हिसकावला.
दीर म्हणतो, लगाम थोरल्याच्याच हातात होता
आणि थोरला प्यायलेला.
पाद्री तिथं नव्हताच,
तो सगळ्यांत सविस्तर सांगतो.
आणि किनाऱ्यावरचा एक पोरगा, वय वर्षं नऊ,
माणसांचं नावही काढत नाही.
घोडा किती वेळ पोहत होता,
शेवटी फक्त कान कसे वर राहिले, एवढंच.
(समासात उर्वे : एवढ्या लांबून कान दिसतील?)

सत्तावीस शंका. टाचणी लावून पाठवल्या.

लेखक पार्नूचा, कोवळा, दाढी अजून धड न आलेला.
त्यानं सत्तावीसही ठिकाणी
शब्दांखाली टिंबं टिंबं काढून परत धाडलं,
म्हणजे आमच्या धंद्यात : आहे तसं राहू द्या.
फक्त सतराव्या शंकेपुढे, लगाम कुणाच्या हातात,
तिथं बारीक अक्षरात :
मलाही ठाऊक नाही. मी तिथं नव्हतो.

तिथं नव्हतो!
अरे, तूच रचलंस ना सगळं?
बर्फ तुझा, फांद्या तुझ्या,
बुडालेला माणूससुद्धा तुझाच,
आणि साक्षीला उभं राहायची वेळ आली
की हात झटकतोस?
हे सगळं ती रिकाम्या खोलीत, मोठ्यानं.

रविवारी हाप्सालूहून मालेचा फोन.
हवा, गुडघे, बटाट्याचे भाव.
मग नेहमीप्रमाणे, कसं कोण जाणे, वडील.
उर्वेला आठवतं : सकाळ, बसथांबा,
तपकिरी बॅग, आणि त्यांनी एकदाही मागं न बघणं.
हे ती पुन्हा सांगते. चाळीस वर्षं सांगते आहे.
"कसली बॅग?" माले म्हणते,
"रात्र होती. हातात दुधाची किटली होती त्यांच्या.
फाटकापाशी तीनदा वळले.
तू झोपली होतीस, उर्वे."
आणि थोड्या वेळानं,
"आणि गेले नव्हते ते. आईनं घालवलं होतं."

उर्वेच्या हातात पेन्सिल असतेच.
विजेच्या बिलामागं तिनं लिहिलेलं असतं : बॅग.
त्याखाली : किटली.
गोल करायला हात उचलतो,
थांबतो.
लहानपणी ती खरंच फार गाढ झोपायची,
हे तिला एकदम, कुणी न विचारता, आठवतं.
किटली आता तिलाही दिसते,
झाकणाचा पोचा दिसतो,
पण बॅगही कुठं जात नाही.

फोन ठेवून ती पुन्हा टेबलाशी बसते.
पान दोनशे तीन.
इथं घोडा काळा आहे.
पेन्सिल समासात घुटमळते.
भिजल्यावर, ती स्वतःशी म्हणते,
भिजल्यावर कुठलाही घोडा काळाच दिसतो.
आणि त्याच ओळीत सुटलेला
एक स्वल्पविराम
जागेवर बसवते.