गरगूर

शनिवारी सकाळी सहाला बस.
नववी 'क', बेचाळीस पोरं, हातमोजे तीस
आणि तीसही उजव्याच हाताचे, हे किनाऱ्यावर कळलं.
प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड:
सेवेचे तास, गोळा केलेलं वजन, शिक्षकांची सही.
वीस तास भरले की प्रमाणपत्र,
प्रमाणपत्रानंतर कुठल्यातरी थंड देशातलं कॉलेज.
पोरांना हे पाठ आहे. आयांना त्याहून पाठ.

सित्राला ओहोटी होती.
समुद्र इतका मागे हटलेला
की वाटावं, त्याचीही आज सहल आहे.
मागे तेलाच्या टाक्या, पुढे चिखल,
चिखलात बाटल्या, थर्माकोल, एका पायाची चप्पल.
ज्यूवलच्या गटाला टायर सापडला.
टायर म्हणजे लॉटरी. थेट एकोणीस किलो.

चौथ्या गटाला सापडला गरगूर,
तारेचा घुमट, मासे धरायचा,
कोंबड्या झाकायच्या डालग्याएवढा,
अर्धा रुतलेला, कोणी टाकलेला, कधीचा.
आत तीन रिकामी कवचं
आणि एक जिवंत.

"कुर्ली!" इरावती ओरडली.
मला मराठी येत नाही, असं तीन वर्षं सांगणारी इरावती.
हमजा म्हणाला, केकडा.
निरोशा काहीच म्हणाली नाही, ती कधीच म्हणत नाही.
शेडखाली जाळं विणत बसलेला हाजी जाफर
न उठताच म्हणाला, "गुबगुब."
आणि चौघंही चिखलात बसून हसले.
गुबगुब! हे काय नाव झालं?

तार हातांनी तुटेना.
मग बशीरुद्दीन आला, आमचा ड्रायव्हर,
पँट गुडघ्यापर्यंत, हातात गाडीची पक्कड.
"आमच्या सुनामगंजला हाच," म्हणाला, "फक्त बांबूचा."
त्याच्या गळ्यात कार्ड नव्हतं.

पन्नास मिनिटं. एकेक तार.
शार्विलचं बोट कुर्लीने धरलं, तो आईच्या नावाने ओरडला,
आणि सुटल्यावर ती तिरकी तिरकी चालत
चिखलात गेली. मागे वळून पाहणं
तिच्या अंगातच नाही.

तेव्हा कुठे हाजी उठला.
गरगुराच्या तोंडाशी त्याने बोट फिरवलं,
जिथे तारेला तीन पीळ होते, चौथा आत दडवलेला.
"हा ईसाचा हात," म्हणाला.
ईसा, धाकटा भाऊ. गुडघे गेले,
आता घरी बसून टीव्हीला शिव्या घालतो.
आणि त्याने तो सगळा सांगाडा डोक्यावर घेतला,
आम्ही पाडलेल्या भोकासकट,
आणि घरी निघाला.

काट्याजवळ चौथ्या गटाची पिशवी रिकामी.
आयोजक मुलाने दोनदा विचारलं, शून्य?
ज्यूवल म्हणाला, टायर तुमच्या नावावर लिहा, आमच्याकडे भरपूर आहे.
शार्विलचं मन डगमगलं, मला दिसलं.
इरावती म्हणाली, नको.

मी भूगोल शिकवते.
भरती-ओहोटी फळ्यावर काढते: चंद्र, पृथ्वी, दोन बाण.
पेन उघडून उभी होते आणि वजनाच्या रकान्यात
कुर्ली बसत नव्हती.
शेवटी शून्य लिहिलं. सही केली. शून्याचीही सही लागतेच.

परतताना बसभर चिखलाचा वास.
सगळे पेंगलेले, आणि निरोशाने
वर्षातला पहिला प्रश्न विचारला:
"मिस, ड्रायव्हर अंकलचे तास?"
मी ऐकलं नाही असं दाखवलं.
मग, सिग्नल हिरवा झाला तेव्हा, ऐकलं.
पण उत्तर द्यायच्या आत
बशीरुद्दीनने कपाळावर हात मारला:
पक्कड किनाऱ्यावरच राहिली.

बस वळवली.
समुद्र तोवर सहलीहून परतला होता,
आम्ही बसलो होतो तिथे कमरेएवढं पाणी.
बेचाळीस तोंडं खिडक्यांना,
आणि तो पाण्याच्या कडेला उभा,
बूट हातात,
नेमकी कुठे ठेवली होती ते आठवत.