चौथा ठोका

हर्णैच्या बंदरावर आमचं बर्फ फोडायचं यंत्र
तीन ठोके मारायचं आणि चौथा गिळायचं.
बिघाड होता तो.
अश्फाक पारकरनं त्यावर करिअर केलं.

तडकल्या काचेचा मोबाइल धरून उभा असायचा
भिजल्या पोत्यांवर, अनवाणी.
पलीकडे शेवंतामावशी सुरमई पुकारायची,
"साडेतीन हजार, साडेतीन, पावणेचार कोण..."
तो आवाज त्यानं कापला,
चौथ्या ठोक्याच्या खड्ड्यात नेमका बसवला.
त्यावर मी रॅप केलं. वाईटच केलं.
बीट पुण्याला गेला, मग अंधेरीला,
माझ्याशिवाय.

पुढं सिनेमे.
पहिल्यात त्याचं नाव पाटीवर इतकं खाली
की ते येईस्तोवर
थिएटरात मी आणि झाडूवाला.

तिसऱ्यात गच्चीवर एक खून होतो.
तिथं त्यानं व्हायोलिनं काढून टाकली,
नुसतं यंत्र ठेवलं.
ठक. ठक. ठक.
मग काहीच नाही.
सगळ्यांनी श्वास धरला, मी एकटा हसलो.
मला ठाऊक, तिथं लादी अडकते.

परवा आला, मावशीला पाकीट द्यायला.
तिनं नोटा मोजल्या, कनवटीला लावल्या.
"अरे, त्या दिवशी माल चारला गेला होता.
तुझ्या गाण्यात मी अजून पावणेचारलाच."

तो ओशाळला. माइक काढला,
म्हणाला, यंत्र चालू कर, सगळं नव्यानं घेऊ.

गेल्या दिवाळीत गिअर बदललाय,
हे त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं.