तीन शिट्ट्या

दुपारी बटण दाबलं.
हिरवा दिवा लागला, पंखा फिरला, थांबला.
मग तीन शिट्ट्या.
कुकरच्या असत्या तर गॅस बंद केला असता.
पडदा काळाच.
खालच्या दुकानातला नौशाद म्हणाला, बघायचेच पन्नास दिरहम.

रात्री त्याचा फोन आला, बार्जवरून.
मागे वारा, वाऱ्यामागे रांगेत उभी माणसं.
"किती वेळा वाजलं? लांब की आखूड?"
महिन्याभरात पहिल्यांदाच त्याने मला
इतक्या बारकाईने काही विचारलं होतं.
"तीन. आखूड. मध्ये श्वास घेण्याइतकी जागा."

"मग रॅम असेल. घाबरू नकोस.
आधी वायर काढ, थेट भिंतीतून.
आता बटण दाबून धर आणि तीस आकडे मोज."
वायरच काढली तर बटण कशाला?
"आत साठलेलं असतं," तो म्हणाला. "जाऊ दे ते."
मी मोजत होते, तोही तिकडे मोजत होता ओठांत.
मी सव्वीसवर होते तेव्हा तो तीसला पोचला
आणि माझ्यासाठी थांबला.

स्क्रू ड्रायव्हर तो स्वतःच घेऊन गेलेला.
लोणी लावायच्या सुरीने झाकण उघडलं.
आत करडी गादी, पात्यापात्यावर,
मार्चमधलं वादळ खिडकीच्या फटीतून सहाव्या मजल्यावर आलेलं,
त्यात केतकीचे केस, उदबत्तीची राख,
वाळलेली एक मुंगी.
"काय दिसतं?"
"आपलं घर."
"झाडून घे," तो म्हणाला.
केतकीच्या रंगपेटीतला जाड ब्रश घेतला.
शारजाची वाळू फडक्यावर चिमूटभर भरली, पण भरली.

"आता हिरवी पट्टी. दोन्ही टोकांना पांढऱ्या कड्या आहेत,
त्या बाहेर ढकल, एकदम."
फोन मानेत, अंगठे कड्यांवर.
कट्.
"ऐकलं," तो म्हणाला, अर्ध्या आखातापलीकडून.
"खालचे सोनेरी दात खोडरबराने घास.
फुंकू नकोस हं, तोंडाची ओल जाते."
मी फुंकणारच होते.

सुट्टीवर आला की तो आधी दोन दिवस झोपतो.
मग उठून यादी करतो,
बँक, गावचं वीजबिल, आईंचा मोतीबिंदू, व्हिसाचा शिक्का,
आणि एकेक ओळ खोडत जातो,
शेवटची ओळ खोडली की बॅग.
आणि आता हा माणूस म्हणत होता,
"सावकाश. खाच कुठल्या बाजूला ते बघ.
उलटी बसत नाही ती. जोर लावायचा नाही.
बसली की तुझं तुला कळेल."

बसली. कळलं.
वायर लावली, बटण दाबलं.
एकच शिट्टी, बारीक, नीट.
पडद्यावर पांढरी अक्षरं आली, पुढे जायला एफ-वन मागू लागली,
कोपऱ्यात तारीख, एक जानेवारी दोन हजार दोन.
तेव्हा मी चिपळूणला पाचवी-ब ला भूगोल शिकवायचे,
आखात फळ्यावर खडूने काढायचे
आणि तास संपला की पुसायचे.

"काय झालं? लागला?"
तिकडे कुणीतरी मुद्दाम खोकलं.
"कार्डावर दोन मिनिटं राहिलीत," तो म्हणाला.

एफ-वनवर बोट होतं माझं. ते उचललं.
"नाही अजून."

कड्यांचा कट् ज्याला ऐकू गेला
त्याला ती शिट्टी गेली नसेल?
नुसता वारा, थोडा वेळ.
मग तो म्हणाला, "बरं. मग पहिल्यापासून.
वायर काढ."
"काढली," मी म्हटलं. वायर भिंतीतच होती.
"मोज."

या खेपेला तो हळू मोजत होता, मोठ्याने,
रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.
एकोणिसाला आम्ही बरोबर होतो.
विसाला कार्ड संपलं.