जोडाक्षरं

नव्या पेठेतल्या दुकानात पंख्याखाली उभी राहून
लास्या पुस्तक मधोमध उघडते,
एखादं पान वाचते, मिटते.
मी मोठ्या चित्रांचं पुढे करतो.
'नान्ना, हे लहानांचं.'
स्वतः साडेसात वर्षांची.

तिला हवं ते जाडजूड, अक्षर मुंगीएवढं.
दम लागेल गं, मी म्हणतो.
बिराजदार चष्मा कपाळावर सरकवतात:
'जोडाक्षरं येतात का बाळ?'
ती भिंतीवरची पाटीच वाचून दाखवते,
उष्ट्या हाताने पुस्तकं चाळू नयेत.
'ष्ट्या'पाशी अडते, मागे येते,
पुन्हा धावत जाऊन उडी मारते.

शेवटी हरवलेल्या बोकडाचं घेतलं.
दहा प्रकरणं. चित्रं थोडी, तीही काळी-पांढरी.

आज वीज नाही, गल्लीतले सगळे माग गप्प.
उंबऱ्यात बसून ती वाचते आहे,
ओठ हलतात, आवाज नाही.
परवापर्यंत मीच वाचायचो,
तेलुगू वळणाचं माझं मराठी
ती दर ओळीला दुरुस्त करायची.
आता नुसतं पान उलटल्याचं ऐकू येतं.

मध्येच खुदकन हसली.
काय झालं गं?
'सांगणार नाही. तुमचं तुम्ही वाचा.'

रात्री ती झोपल्यावर पुस्तक घेतलं.
चौथ्या प्रकरणात खुणेला
मागावरचा लाल दोरा.
तो न हलवता
मी पहिल्या पानावर बोट ठेवलं.