बरणी

आधी वाजवून बघायची.
तेजाब भरायच्या आधी
बोटाच्या पेरानं टकटक,
कान चिनी मातीला लावून.
खणखणली तर भर.
बद्द वाजली तर उकिरड्यावर.
सेलमच्या गल्लीत एकतीस वर्षं
गावाकडनं आलेल्या प्रत्येक पोराला
मी हेच पहिलं शिकवलं.

तेजाब वाईट नसतं.
चांदी विरघळवतं, तांबं निळं करून नेतं,
सोन्याला हात लावत नाही.
झिलई शाबूत असेस्तोवर
बरणीला कळतही नाही आत काय आहे.

पण उकिडवं बसून भट्टी सांभाळली
की कंबर धरते.
मग गोळी. कोपऱ्यावरच्या दुकानातली, पांढरी,
सकाळी एक, दुपारी एक,
उपाशीपोटी, काळ्या कॉफीबरोबर.
जेवलो की अर्ध्या तासात
बरगडीखाली निखारा.
मी म्हणायचो, सांबारातली चिंच.
शेवंता म्हणायची, तुमचा राग.
चिंच सोडली.

मग भावकीतल्या लग्नाला विट्यात आलो,
पहाटे डांबरासारखं काळं झालं,
आणि मांडवात अक्षता हातात घेऊन उभा होतो
तो तसाच खाली बसलो.

मिरजेला नळी घातली.
पडद्यावर माझं पोट. ओलं, गुलाबी,
आणि एका कडेला खड्डा,
तळ पांढरट, काठ लाल,
थेट मुशीसारखा.
"आम्लानं केलं?" मी नंतर विचारलं.
"आम्ल तर तुमच्यात पहिल्यापासून आहे, काका,"
आवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
"अस्तर गेलं. थोडं त्या गोळ्यांनी,
थोडं एका जंतूनं.
आम्लातच राहतो तो,
अंगाभोवती अमोनिया सोडून.
नवसागराचा वास घेतलाय कधी?"

घसा अजून बधिर होता, तरी हसलो.
एकतीस वर्षं, बाई.
म्हणजे माझ्या पोटात
आणखी एक गलाईवाला बसला होता,
दुकान थाटून, भाडं न देता.

चौदा दिवस जंतूवर,
पुढं दोन महिने आम्ल कमी करायचं.
कंबरेची गोळी बंद, कायमची.
"ते आम्लच बंद करा की," शेवंता म्हणाली.
मग भाकरी कोण गाळायची?

परतीच्या एसटीत, तासगावच्या अलीकडं आठवलं:
पहिल्या दिवशी, नळीच्याही आधी,
बाईंनी एक बोट पोटावर ठेवून
दुसऱ्यानं टकटक केली होती.
मी श्वास धरून ऐकत होतो.
कसं वाजलं, त्यांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.